मोलकरणीचा ढीग

ठेवून दाखवा माझ्यावर विश्वास. एका शब्दावर ठेवलात तरी पुष्कळ झालं. गावात कुणी ठेवत नाही. गावातला बेर्तिल तर माझ्याकडून हवामानसुद्धा ऐकून घेत नाही. मी पाऊस येणार म्हटलं की तो मुद्दाम कपडे वाळत घालतो.

नीट बस गं, तूवा ना तुझं नाव? पायरी थंड आहे, हे पोतं घे खाली. आणि तू रे लांबुळक्या, विग्गो, ते बूट काढून तिकडे लांब ठेव. दिवसभर चाललायत, वासानंच कळतंय. पाणी मागायला आलात, पाणी दिलं. कॉफी दिली. दालचिनीचे पाव तर मी न देताच तुम्ही घेतलेत. आता माझं ऐकून घ्यावं लागेल. फुकट नाही काही.

ऑगस्ट संपत आला, साडेनऊलाच काळोख पडतो. गोष्टीला बरं असतं ते. पण मी सांगतेय ती काळोखातली नाहीच. जूनमधली आहे. दोन वर्षं झाली. बारा जून, बुधवारची रात्र. आणि जूनमध्ये आमच्याकडे कसली रात्र? बारा वाजता बाहेर बसून सुईत दोरा ओवावा. सावली तेवढी पडत नाही. सगळं राखाडी. झाड दिसतं, झाडाची सावली दिसत नाही. माणूस दिसतो, माणसाची पण नाही. काळोखाला मी कधी घाबरले नाही. पण त्या उजेडात... जाऊ दे.

हे माझ्या बाबतीत नाही घडलं. घडलं रूतच्या बाबतीत.

रूत आणि मी शाळेत एका बाकावर. सहावीत मी शाळा सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं, आणि रूत पुढे शिकली. पण डोकं माझंच जास्त चालतं, विचारा तिला. आज दिवसभर तुम्ही झाडांवरच्या ज्या नारिंगी पट्ट्यांच्या मागे चालत आलात ना, त्यातले इथून पुढचे रूतचे. तळ्यापासून जुन्या गिरणीपर्यंतचा तुकडा तिच्याकडे. तेहतीस वर्षं झाली. दर दोन वर्षांनी डबा घ्यायचा, कुंचला घ्यायचा, झाडागणिक पट्टा. वाटेवर पडलेलं झाड कापायचं, दलदलीतल्या फळ्या बदलायच्या. कुणी सांगितलं म्हणून नाही. वाट दोन उन्हाळे कुणी चाललं नाही की जंगल तिला गिळतं. ब्लूबेरीची झुडपं येतात, मग बर्चची पोरं येतात, मग तुम्ही तिथे उभे राहून म्हणता, इथे वाट होती? कुठे होती?

रूतला तेवढंच होतं बघा. नवरा गेला, मुलगा गोथेनबर्गला. वाट तेवढी होती.

आता त्या तुकड्यावर, पोंतुसच्या शेताच्या अलीकडे दोनशे पावलांवर, एक काटक्यांचा ढीग होता. होता म्हणतेय, लक्षात घ्या. माणसाच्या छातीइतका उंच. त्याला आम्ही मोलकरणीचा ढीग म्हणायचो.

"का?" म्हणे. सांगते ना. तोंडात पाव असताना बोलू नये.

दीडशे वर्षांमागची गोष्ट. दुष्काळाचं साल. लोकं झाडाच्या सालीचं पीठ करून खात होती. तेव्हा गडी आणि मोलकरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मालक बदलायच्या. वर्षातला तेवढाच एक आठवडा मोकळा. जुन्या घरातून निघालेली, नव्या घरात पोचायची. मधले दिवस ती कुणाचीच नाही. तर अशी एक पोर. पंधरा-सोळाची. नाव कुणाला ठाऊक नाही, चर्चच्या वहीतसुद्धा नुसतं "अनोळखी मोलकरीण" लिहिलंय, मी बघितलंय. त्या वर्षी बर्फ लवकर आला. वाटेत रात्र झाली. तिनं एक दार ठोठावलं. नाही उघडलं. दुसरं ठोठावलं. तिथेही नाही, घरात खायला नाही, त्यात आणखी एक तोंड कोण घेणार? तिसरं ते, आता जे पोंतुसचं आहे ते शेत. तिथे तर दारापर्यंतही पोचली नाही. फाटकाला आतून अडसर होता. आतले लोक जागे होते. ऐकत होते. ती फाटक वाजवत राहिली, आणि मग थांबली, आणि त्यांना वाटलं, गेली बाई.

गेली होती. परत फिरून दोनशे पावलं. तिथेच सापडली सकाळी.

तेव्हापासून तिथून जाणाऱ्यानं एक काटकी टाकायची. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे बघायचं नाही. टाकायची आणि चालायचं. नाही टाकली, तर ती सोबत येते. काही करत नाही हं. नुसती मागून चालते, पुढचं पहिलं दार येईपर्यंत. दार आलं की आपण पटकन आत शिरायचं आणि तिच्या आधी दार लावून घ्यायचं. माझी आजी सांगायची, कडी जोरात लाव, तिला ऐकू गेली पाहिजे.

मी? मी दहा वर्षांची असताना त्या ढिगामागे लपून बसायचे. पोस्टमननं काटकी टाकली की मी तीच उचलून परत त्याच्या पाठीवर मारायचे. एकदा तो सायकल तिथेच टाकून पळाला. मार रूतला बसला, कारण ती हसत सुटली आणि मी नाही हसले. हे सांगून ठेवते, म्हणजे नंतर म्हणू नका की म्हातारीनं आपल्याला फसवलं. मी फसवते. पण त्या बुधवारी मी इथे घरात झोपले होते, गुडघा सुजला होता, डॉक्टरला विचारा.

पोंतुसनं शेत घेतलं त्याच्या आदल्या वर्षी. स्टॉकहोमचा. वाईट माणूस नाही, उगीच पाप कशाला घ्या. भेटला की बोलतो, हात मिळवतो. पण शहरात ज्याचं त्याचं दार असतं ना, तसं त्याला जंगलाचंही वाटलं. आल्या आल्या त्यानं ओटा बांधला, लाकडी, हा एवढा, शंभर माणसं नाचतील. ओट्यापासून चाळीस पावलांवरून वाट जाते. सकाळी कॉफी घेऊन बसला की समोरून पाठीवर बोचकी घेतलेले तुमच्यासारखे. घामेजलेले. गुड मॉर्निंग करणारे.

आणि मग त्यानं काय केलं, ऐका. एप्रिलची शेवटची संध्याकाळ, तळ्याकाठी आमचा वसंताचा जाळ. महिनाभर आधीपासून सगळे आपापल्या आवारातला पालापाचोळा, फांद्या आणून टाकतात. पोंतुसला वाटलं, आपणही गावकरी व्हावं. चांगलं वाटलं त्याला. छोटा ट्रॅक्टर घेतला, मागे ट्रॉली, आणि वाटेकाठी त्याला दिसला वाळक्या काटक्यांचा रचलेला आयता ढीग. त्याला वाटलं, कुणीतरी जाळासाठीच गोळा करून ठेवलाय. तीन फेऱ्यांत उचलून आणला. आम्ही सगळे तिथे. गाणी म्हणतोय. गायकमंडळी पांढऱ्या टोप्या घालून. जाळ पण असला पेटला म्हणता, दहा वर्षांत तसा पेटला नव्हता. बेर्तिल म्हणाला, "यंदा लाकूड चांगलं वाळलंय." मी पण हात शेकले. आम्हाला कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी रूत वाटेनं गेली, आणि आली ती सरळ माझ्याकडे. बसली. कोटसुद्धा काढेना. मी म्हटलं, "कोण मेलं?" तर म्हणाली, "मायब्रित, काल आपण काय जाळलं, ठाऊक आहे?"

नाही, थांब विग्गो, अजून भूत नाही आलं. तुला घाई असेल तर तंबूत जा.

मे महिन्यात पोंतुसनं वाटेवरच्या जुन्या फाटकाला कुलूप घातलं. "खाजगी" अशी पाटी लावली. घरासमोर गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या, सतरंजी अंथरतात तशा. रूत गेली बोलायला. मी पण गेले मागून, मजा बघायला.

तो म्हणाला, "रूत, चालायला मी कुठे नाही म्हणतोय? कायद्यानं हक्क आहे सगळ्यांचा. जंगल केवढं आहे, चाला ना. माझ्या ओट्यासमोरून कशाला?"

रूत म्हणाली, "कारण वाट तिथे आहे."

"वाट हलवता येते."

"ओटा पण हलवता येतो," रूत म्हणाली.

तो हसला. ती नाही हसली. पण पट्टे मारायला जमीनमालकाची सही लागते, आणि ती त्यानं काढून घेतली. संपलं. वाट सांभाळणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कोण, तर आपला बेर्तिल. त्याला भांडण म्हटलं की पोटात दुखतं. मंडळानं ठरवलं, वाट वळवायची. मोठ्या रस्त्यानं. नऊ किलोमीटर डांबर, बाजूनं लाकडाचे ट्रक. आणि जुने पट्टे पुसायचे, म्हणजे कुणी चुकून आत शिरायला नको.

पुसायचे कुणी? ज्यानं मारले त्यानं.

दहा जूनला बेर्तिल रूतकडे आला, राखाडी रंगाचा डबा घेऊन. दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "तेवीस झाडं आहेत रूत. मीच केलं असतं, पण कोणती झाडं ते तुलाच माहीत. शुक्रवारपर्यंत झालं तर बरं."

रूतनं डबा घेतला. "ठेव," म्हणाली. "करते."

मी तिला शिव्या घातल्या. खऱ्या शिव्या. म्हटलं, "एकतीस वर्षं आणि तू स्वतःच्या हातानं पुसणार? थू." ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी पुसलेली मला नाही बघवणार." आणि दिवसा नको म्हणाली. तो ओट्यावर बसून बघेल. ते सुख त्याला द्यायचं नाही.

म्हणून बुधवारी रात्री निघाली. साडेदहाला. डबा, कुंचला, पाठीवर छोटी पिशवी, पिशवीत थर्मास. त्र्याहत्तर वर्षांची बाई. यापुढचं मी तिच्या तोंडून ऐकलंय, एकदाच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, इथे आत, माझ्या स्वयंपाकघरात.

तळ्यापासून तिनं सुरुवात केली. पहिलं झाड, पाइनचं. नारिंगी पट्टा, एकतीस वर्षांचे थरावर थर, हाताला जाड लागतो. त्यावर राखाडी फिरवला. झाड आंधळं झाल्यासारखं दिसलं, म्हणाली. दुसरं. तिसरं. डास असे की कुंचल्याला चिकटत होते. दलदलीत पक्षी ओरडत होते. कोकीळ होती कुठेतरी लांब. रूत मोजत होती. अकरा. बारा. रडली नाही, असं ती म्हणते.

सतराव्या झाडाशी एक फुटका दगड आहे. तिथे वाकून काटकी उचलायची सवय. तिनं उचलली. हात आपोआप गेला. पुढे चालू लागली आणि ढिगाच्या जागी आली.

तर ढीग नाही.

माहीत होतं तिला. तरी हात वर गेलेला तसाच राहिला. तिथे नुसतं पिवळं गवत, गोल. दीडशे वर्षं ऊन न बघितलेलं. टाकायची कुठे? जमिनीवर टाकली तर ती टाकणं होतं का? कुणाला विचारणार? उभी राहिली. थांबायचं नाही असतं तिथे, पण थांबली. मग काटकी कोटाच्या खिशात घातली आणि पुढे निघाली.

आणि डास गेले.

एकदम. कुणी फुंकर मारावी तसे. जूनमध्ये, दलदलीच्या काठाला, मध्यरात्री एक डास नाही. असं होत नाही. तुमचे हात बघा, आज किती चावलेत. एक नाही. पक्षी गप्प. कोकीळ गप्प.

अठरावं झाड. तिनं डबा खाली ठेवला. कुंचला बुडवला.

मागे पाऊल वाजलं.

तिनं पट्टा पुसला. डबा उचलला. चार पावलं गेली. मागे चार पावलं. ती थांबली. मागचं थांबलं. एक पाऊल उशिरानं. जसा आपल्या मागून येणारा माणूस थांबतो... एक पाऊल जास्त पडून.

ती पावलं बुटांची नव्हती. लाकडी तळव्यांची. आपले जुने खडावांसारखे जोडे असायचे ना, आजीच्या पायात, तसला आवाज. टक्. पण ओल्या मातीवर. आणि एक पाय ओढत.

रूतनं मागे बघितलं नाही.

एकोणिसावं झाड. पुसलं. उरली चार, ती फाटकाच्या पलीकडे. पोंतुसच्या बाजूला.

फाटकाशी आली. घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता. साखळी. कुलूप. पाटी. पलीकडे नवीन हिरवळ, सपाट, कोरी. तिच्या टोकाला ओटा. ओट्यावर दार. घरात दिवा नाही. सगळं राखाडी. कशालाच सावली नाही.

बेर्तिलनं रंग दिला होता. किल्ली द्यायला विसरला होता.

पुढे जाता येईना. मागे वळता येईना. मागची पावलं आली... आली... थांबली. रूतच्या पाठीशी. हातभर अंतरावर. गार. फ्रीजचं दार उघडं राहिल्यावर पाठीला लागतं तसं. आणि ओल्या लोकरीचा वास.

काहीच नाही झालं. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही.

मग तिच्या खांद्याच्या बाजूनं... फाटकाच्या फळीवर... कुणीतरी ठोठावलं.

तीनदा.

जोरात नाही गं. हळू. मालकाच्या दारावर मोलकरीण ठोठावते ना... ऐकू जावं, पण राग येऊ नये... तसं.

आता घाबरून माणूस काय करतं? किंचाळतं. फाटकावरून उडी मारून पळतं. माझ्या आजीनं सांगितलेलं करतं, पहिलं दार गाठतं, आत शिरतं, तिच्या तोंडावर कडी लावतं. रूत कशी आहे सांगू? लहानपणी बाईंनी छडी उगारली की ही आणखी हात पुढे करायची. तिला राग आला. पोंतुसचा नाही. त्या पोरीचाही नाही. तिच्या मनात आलं, दीडशे वर्षं आपण काय करत आलो? काटकी टाकतो आणि पळतो. दार आलं की तिच्या आधी लावून घेतो. आणि आज तर मी एकोणीस झाडं पुसत आलेय, म्हणजे यापुढे इथून कुणी जायलाच नको.

ती समोर बघत बोलली. मोठ्यानं. "ठोठावू नकोस. ही वाट आहे. वाटेवरून जायला कुणी विचारत नाही."

पाठीला गार तसंच.

"आणि माझ्या मागे उभी राहू नकोस. मला घाबरवून तुला काय मिळणार? फाटक मी नव्हतं लावलं."

काही नाही. गार मात्र... थोडं मागे सरकलं.

मग तिनं डबा उचलला, झाकण काढलं, आणि उरलेला सगळा राखाडी रंग त्या "खाजगी" पाटीवर ओतला. वरून खाली. थेंब संपेपर्यंत. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी एवढी हसले की कॉफी नाकात गेली.

आणि फाटक. पोंतुसनं कुलूप घातलं कडीच्या बाजूला. शहरातला माणूस. शेताचं फाटक खुंटीवर नुसतं अडकवलेलं असतं हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्या बाजूनं वर उचललं की सुटतं. गाईंनासुद्धा ठाऊक असतं. पण ते जुनं फाटक, ओकचं. दोन गडी लागायचे. रूत वाकली. खांदा खाली घातला. उचललं. हललं नाही. पुन्हा उचललं. गुडघ्यातून आवाज आला. ती दात खाऊन म्हणाली, "नुसती उभी राहतेस काय? तुझंच काम आहे ना?"

...आणि फाटक हलकं झालं.

एका बाजूनं रूत. दुसऱ्या बाजूनं... तिकडे कुलूप होतं. साखळी होती. ती वाजलीसुद्धा नाही.

फाटक दोघींनी बाजूला ठेवलं. गवतावर. हळू.

रूतनं मान खाली घातली. डोळे मिटले. म्हणाली, "जा."

गार तिच्या अंगावरून गेलं. लोकर. ओली. टक्... ओढलेलं पाऊल... टक्. मग हिरवळ लागली, आवाज बंद झाला. रूत वाट बघत होती. आता ओटा. लाकूड. टक्. टक्.

तीनदा ठोठावलं.

मग शांत. शांत. रूत म्हणते, कडीचा आवाज आला असता तर मी ऐकला असता. किल्लीचा आला असता तर ऐकला असता. दार उघडल्याचा आवाज आलाच नाही. आला तो एकच...

दार लागल्याचा. आतून.

आणि डास परत आले. कानात, नाकात, डोळ्यांत. रूतनं थर्मासमधली कॉफी तिथेच उभ्यानं प्यायली आणि घरी गेली.

सकाळी आठला पोंतुसचा बेर्तिलला फोन. साडेआठला बेर्तिल रूतच्या दारात, पोट धरून. "रूत, कुणीतरी फाटक काढून ठेवलंय, पाटीवर रंग ओतलाय. तू काही बघितलंस का?"

"मी केलं," रूत म्हणाली. "त्याला सांग, पोलीस बोलाव."

त्यानं बोलावले. शहरातून एक पोलीसबाई आली, तरुण, केसांची शेपटी. तोवर आम्ही सगळे फाटकापाशी जमलो होतो. मी पण, काठी टेकत, अशी मजा कोण सोडतं? पोलीसबाईनं फाटक बघितलं, पाटी बघितली, ओठ चावून हसू दाबलं. मग हिरवळीकडे बघितलं. तिथपर्यंत चालत जाऊन उकिडवी बसली. हात लावला.

"ही वाट किती जुनी आहे?" तिनं विचारलं.

पोंतुस म्हणाला, "कसली वाट? गवत तीन आठवड्यांपूर्वी घातलंय."

पण मग त्यानं बघितलं. आम्ही पण बघितलं. फाटकापासून निघून, हिरवळीतून सरळ, ओट्याच्या पायरीपर्यंत. एक माणूस चालेल एवढी रुंद. गवत नाही. माती. घट्ट, गुळगुळीत, मधे खोलगट... पिढ्यान् पिढ्या पाय पडल्यावर होते तशी. पोलीसबाईनं किल्ली टोचून बघितली, किल्ली आत जाईना.

रूतकडे सगळे बघत होते आणि ती नाक वर करून उभी होती, राणीसारखी.

पोंतुसनं नवीन गवत घातलं. तीन दिवसांत पुन्हा तसंच. पुन्हा घातलं, रात्री स्वतः ओट्यावर पहारा देत बसला. पहाटे खुर्चीत झोप लागली. उठला तर वाट. तिसऱ्यांदा नाही घातलं. फाटक परत लावलं नाही. आणि मिडसमरच्या सणाच्या आदल्या दिवशी, कुणी काही मागितलं नव्हतं, तो बेर्तिलकडे गेला, सहीचा कागद दे म्हणाला, उभ्या उभ्या सही केली आणि कॉफीसुद्धा न घेता निघून गेला. रूतनं जुलैत तेवीसच्या तेवीस झाडं नारिंगी केली. या वेळी भरदिवसा. ओट्यासमोर दोन तास लावले, एका झाडाला.

काय गं तूवा? "काटकी कुठे टाकायची?" अगं, टाकायची कशाला. ती आता तिथे नाहीच ना.

रूतला विचाराल तर ती सांगेल, मायब्रितच्या डोक्यात पाणी झालंय. विचारा. पण आधी उद्या सकाळी जाऊन ती वाट बघून या. तुमचे नारिंगी पट्टे तिच्या शेजारूनच नेतील तुम्हाला, ओट्यापासून चाळीस पावलांवरून. वाकून कडेचं गवत बघा. सगळं एकाच दिशेला लोळलेलं आहे, घराकडे. दोन वर्षं झाली. बाहेरच्या दिशेला एक पातं झुकलेलं नाही. पोंतुस राहतो तिथेच. हल्ली मागच्या दारानं जा-ये करतो.

गुड मॉर्निंग करायचं असेल तर लांबून करा. पुढचं दार मात्र वाजवू नका. कोण उघडेल, ते पोंतुसलाही माहीत नाही.

बघत काय बसलात? कॉफी संपली, पाव संपले. ते पोतं तिथेच राहू दे, विग्गो, बूट घाल. तंबू तळ्याकाठी ना तुमचा? मग उठा. मला कडी लावायचीय. जा आता.